नववी सुई

मिस्टर हेगनी मॉनिटर आणला तो बागेतल्या एकचाकी गाडीतून,
माती वाहायची ती.
लॉकवुडचा चढ, त्यात हडर्सफील्डची भुरभुर,
वरून घातलेलं मेणकापड.
"तुम्ही हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं बघता ना?"
बघते. रविवारी नाही बघत. पण गाडी दारात होती.

चौकोनी, जाड मानेचा, करडा,
पाठीवर गिरणीचा शिक्का, नंबर सेहेचाळीस.
गिरणी बंद झाली त्या शुक्रवारी
सगळ्यांनी काही ना काही उचललं. कुणी घड्याळ, कुणी किटली.
यांनी हा. एकोणीस वर्षं याच्यावर
सुटाच्या कापडाची डिझाइनं काढलेली.

आता भाचीनं लॅपटॉप दिलाय, भाकरीहून पातळ,
जुनी डिझाइनं त्यात भरूनही दिली.
कडेला दोन बारीक फटी, बस्स.
"त्यावर हिरवा खोटं बोलतो," मिस्टर हेग म्हणाले.

फटीत एक अडॅप्टर. त्याच्या तोंडात दुसरा.
दुसऱ्याच्या शेपटीला निळ्या टोकाची केबल.
रुसलेल्या विहिणींनी थेट न बोलता
मध्ये चार माणसं घालावीत, तसं.
तुम्हाला वाटत असेल, आता ही म्हणणार
की मीही अशीच, दोन देशांमधला अडॅप्टर.
नाही म्हणत. अडॅप्टरला गुडघे नसतात.
माझे टेबलाखाली दुखत होते.

मॉनिटर म्हणाला, सिग्नल नाही.
चूक दुसऱ्या तुकड्याची. बाजारातला, तीन पाउंडांचा,
आत नुसती तार.
इकडे आकडे, तिकडे लाटा,
मध्ये कुणीतरी डोकं चालवावं लागतं.
माझ्या खणातला जाडसर तुकडा लावला.
तो मिनिटभरात कोमट झाला
आणि पडदा उजळला,
राणी रंगात.

पांढरं सगळं राणी. हिरवं सगळं काळं.
मिस्टर हेगनी चष्मा पुसला, परत घातला,
परत पुसला.

केबल काढून टॉर्च मारला.
"एक तुटलीय," ते म्हणाले. "ही जागा रिकामी."
ती नववी. ती नसतेच,
बनवतानाच वगळलेली.
चौदांचं तिच्यावाचून अडत नाही.
दुखणं वरच्या ओळीत होतं. दुसरी सुई
आडवी झालेली, शेजारणीला टेकून.
हिरव्याची.

माझी टाचणी जाड. सुरी तर विचारूच नका.
ते उठून गेले. वीस मिनिटांनी आले,
हातात चिमटा, टोकं केसासारखी.
एनिडचा.
विणून आलेलं कापड ती उजेडावर टाकायची,
बोटांनी चाचपायची
आणि गाठ लागली की यानं उचलायची. एकतीस वर्षं.
"ती असती तर डोळे मिटून केलं असतं."
मी टॉर्च धरला. त्यांचा हात कापत होता.
टोक नाही.

मग हिरवा आला.
शेवाळी, ओलसर, आणि दर अठराव्या धाग्याला
विटकरी रेघ, असेल नसेल अशी.
चित्र जरा ताणलेलं, कडा पुसट,
कोपऱ्यात जुन्या कुठल्याशा खिडकीचा कायमचा डाग.
त्यांनी अंगठ्यानं पडदा घासला,
कापडाचा पोत बघतात तसा.
"हां," म्हणाले. "हा."

आणि केबलचा स्क्रू चिमटीत धरून
पिळायला लागले. घट्ट, आणखी घट्ट.
म्हटलं, राहू द्या, टेबल कुठं पळतंय?
म्हणाले, शेडमध्ये सगळं हलायचं.

इचलकरंजीचं मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.
बाबा मागावर, रातपाळीला, भिंतीपलीकडे,
आणि अलीकडे आमच्या फळीवर
तांब्यातलं पाणी उजाडेपर्यंत थरथरायचं.

दुसरा स्क्रू मी पिळला.